उघडा टाकलेला खड्डा

गराएने खड्डा पाहिला आणि हातातली खणायची काठी तशीच खाली टाकली. एरवी तो हत्यार झाडाला टेकवून ठेवायचा.

काव्ह्याचं सगळ्यात जुनं झाड कुणीतरी उपटून नेलं होतं. मुळं गेली हे एक वेळ समजण्यासारखं होतं. काव्हा लावतात तो मुळांसाठीच, ती वाटून, पाण्यात कालवून संध्याकाळी प्यायला. पण फांद्या तिथंच उन्हात फेकलेल्या होत्या, पेरापेराशी तडकलेल्या. काव्ह्याला बी धरत नाही. माणसाने कांडी तोडून मातीत पुरली तरच झाड पुढे चालतं. म्हणून उपटणारा घरी जाण्याआधी त्याच खड्ड्यात एक कांडी पुरतो. पेंटेकॉस्ट बेटाच्या डोंगरावर चोरसुद्धा पुरतो.

तरुणपणी गराएने जहाजांवर खोबऱ्याची पोती चढवली होती. पाठ गेली तेव्हा तो वर डोंगरावर आला आणि मामाने त्याच्या हातात या झाडाची एक कांडी दिली. काळ्या पेराची ही जात मामाकडून भाच्याकडेच यायची. गराएने ती उतारावर लावली, पाणी थांबणार नाही पण सावली राहील अशा जागी. दरवर्षी गुडघ्यांवर बसून हाताने तण काढलं. त्या जातीची बाकीची झाडं वादळात गेली, हे एकच उरलं. ते त्याने स्वतःच्या सुतकाच्या शेवटच्या जेवणासाठी राखलं होतं. आपल्या मागे लोकांनी प्यायचं तर आपल्या कष्टाचं प्यावं, एवढीच त्याची हौस.

उपटलं होतं वॉलेसने. गराएच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. तो व्यापाऱ्यासाठी काव्हा गोळा करायचा. त्याने लपवलंही नाही. बोट येणार होती, माल कमी पडत होता आणि मामाचं ते शेवटी आपलंच, असं तो गावभर सांगत होता. उद्या ज्या कांड्या त्याच्याच हातात यायच्या होत्या, त्या त्याने उन्हात वाळवल्या होत्या.

गावप्रमुख हांगोने निवाडा केला: वॉलेसने दंडाच्या लाल चटया द्याव्यात, एक डुक्कर द्यावं आणि माफीचं म्हणून काव्ह्याचं एक मूळ आणावं. दोघं ते प्याले की भांडण मिटलं, पुन्हा त्यावर शब्द काढायचा नाही.

संध्याकाळी पुरुष नाकामालात, काव्हा प्यायच्या बैठकीच्या घरात, जमले. वॉलेसने मूळ आणून मामाच्या पायाशी ठेवलं. गराएने ते उलटं केलं, वास घेतला.

"हे तर माझंच आहे."

"तुझंच, मामा. परत आणून दिलं म्हण ना. बोट आली नाही हे तुझं नशीब."

मागे कुणीतरी हसलं. हांगो म्हणाला की मूळ कुणाचं का असेना, माफी वॉलेसची आहे, वाटायला घ्या.

गराएचा अंगठा बुंध्यावर थांबला. माती चिकटलेल्या बाजूला कोंब फुटायचा एक डोळा होता. बारीक, पण ओला. त्याने सुरी काढली.

आता वॉलेस हसत नव्हता. माफीचं मूळ अख्खंच वाटायचं असतं. त्यातला तुकडा मागे ठेवणं म्हणजे माफी नाकारणं.

"मामा, तो तोडलास तर माफी मोडली."

"मोडू दे. तुझ्या माफीपेक्षा याला जास्त कष्ट पडलेत." गराएने डोळ्यासकट बुंध्याचा तुकडा कापून अळूच्या ओल्या पानात गुंडाळला. "उद्या वर ये. खड्डा तू उघडा टाकलास, तूच भरायचास. तण तूच काढायचंस, आणि हाताने. कोयता लावलास तर मुळं तुटतात. तीन-चार वर्षांनी झाड तयार झालं की उपट, कांडी पूर, मग मी तुझ्याबरोबर पिईन."

"आणि तोवर?"

"तोवर भांडण चालू."

"अरे, तू त्याआधी मेलास तर?" हांगोने विचारलं.

"तर माझ्या सुतकाला प्या. झाड त्यासाठीच होतं."

त्याने आपली प्यायची करवंटी पालथी घातली आणि चटयांना हात न लावता तो निघून गेला.

सकाळी वॉलेस धापा टाकत उतार चढून आला. हातात फावडं होतं. फावड्याने त्या उताराची माती सुटून खाली जाते, हे डोंगरावर जन्मलेल्या माणसाला सांगावं लागावं?

गराएने त्याला खणायची काठी आणायला परत खाली पाठवलं.