नणंदेच्या साक्षगंधाचा दिवस
आलुबोंडे तळायचा वास आला की मला मुकुटबनचं आमचं घर आणि नणंदेचं साक्षगंध आठवतं. माझे दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. सकाळीच पोटात कळा यायला लागल्या, पण पाहुणे यायचे होते, म्हणून मी कुणाला बोलले नाही. ओटा धरून कळ जाऊ द्यायची आणि पुन्हा कढईत बोंडे सोडायचे. दुपारी, ऐन अंगठी घालायच्या वेळी, माझं पाणी गेलं. मला पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरबाईंनी विचारलं, “कधीपासून दुखतंय?” मी म्हणाले, “आत्ताच.” मुलगी झाली ती निळसर, लवकर रडलीच नाही. तिला यवतमाळला नेऊन काचेच्या पेटीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी नणंद माझ्या खाटेवर बसून हळूच म्हणाली, “वयनी, तुमाले सकाळपासूनच दुखून राह्यलं होतं ना? मले दिसत होतं. माह्या कार्यक्रमापायी मी बी गप्प बसली.” आम्ही दोघी नुसत्या रडलो. मुलगी आता तिसरीत आहे, धडधाकट आहे. सासूबाई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “अचानकच झालं जी सारं,” आणि आम्ही दोघी खाली पाहतो.