आप्पा ‘जातो’ म्हणाले

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चेष्टा करणाऱ्यांत मी पहिला. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत तिन्ही शिफ्ट केल्यात, कधी काही दिसलं नाही. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय...

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मी दौंडला खोली घेऊन राहायचो. गाव मांडवगण फराटा, शिरूर तालुक्यात. वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं चुलत्यांनी — आप्पांनी. ते फौजेत हवालदार होते. लढाईत डाव्या पायाला छर्रे लागले, तरी नोकरी पुरी करूनच परतले. रजा संपून निघाले की काकी त्यांच्या हातावर दही ठेवायची आणि आप्पा म्हणायचे, “येतो.” ‘जातो’ हा शब्द त्यांना चालायचाच नाही. मी एकदा शाळेला निघताना ‘जातो’ म्हणालो, तर वेशीवरून माघारी बोलावून ‘येतो’ म्हणायला लावलं होतं.

त्या उन्हाळ्यात त्यांचा पाय फार सुजला. रविवारी मी त्यांना पुण्याला डॉक्टरकडे नेणार होतो. शनिवारी शेजाऱ्यांकडे फोन करून सांगितलं, “आप्पा, डबल ड्युटी लागलीय. पुढच्या रविवारी जाऊ.” ड्युटी कसली... मित्राच्या साखरपुड्याला जायचं होतं.

मंगळवारी फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला दौंड स्टेशनसमोर कंपनीच्या बसमधून उतरलो. रुळांपलीकडच्या खोलीवर जायला फलाटावर शिरलो — तर बाकावर आप्पा. पायाशी फौजेतली काळी ट्रंक, बूट चकचकीत.

“आप्पा, तुम्ही इथं? कुणासंगं आलात?”

“एकलाच. झाली का रं डबल ड्युटी?”

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. मी म्हणालो, “झाली.”

“दमला आसशील.”

“बसा, चहा आणतो.”

“आन तुला. मी जातो आता.”

मला हसू आलं. “येतो म्हणा आप्पा. मला वेशीवरनं माघारी बोलावलं होतं तुम्ही.”

त्यांनी ट्रंकेच्या कडीला हात घातला. “न्हाई लेका. ह्या खेपेला जातोच.”

मी दोन चहा घेऊन वळलो तर बाक रिकामा. गाडी आलेली नव्हती. लंगडता माणूस ट्रंक घेऊन तेवढ्यात जाणार कुठं? फलाटभर शोधलं, चहा हातातच निवला. मग जीप धरून गाव गाठलं. दारात माणसं जमली होती. आप्पा सकाळी दहालाच वारले होते. मला सांगायला निघालेला माणूस खोलीवर कुलूप बघून माझीच वाट बघत बसला होता.

ट्रंक माळ्यावर होती. गंजलेली, तळ निघालेली.

काकी म्हणाली, “आईतवारी बूट पालिश करून बसलं व्हतं. तू येनार न्हाईस, ठावं व्हतं तरी. मला म्हनलं, पोरगं दमलं आसंल, डबल ड्युटी हाय.”

मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.

थकव्याने भास झाला असेल, दुसराच कुणी म्हातारा असेल — स्वतःला सगळं सांगून बघितलं. पण दुसऱ्या म्हाताऱ्याला माझी डबल ड्युटी कशी ठाऊक? त्या बाकाजवळून अजूनही रोज जाणं होतं. आप्पा ‘येतो’ म्हणाले असते, तर निदान वाट तरी बघितली असती.