गेटची वही

रिटायर झाल्यावर लायब्ररीत आठवड्यातून एकदा इंग्रजी शिकवायचं मी डोक्यात घेतलं, आणि पहिल्याच मंगळवारी माझ्या वाट्याला ती आली. व्हिएतनामची, तिशीतली, इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावात एका सलूनमध्ये दिवसभर लोकांची नखं रंगवणारी. इथे कायमचं राहायचं तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती त्यात दोनदा नापास झाली होती. व्हिसा संपायला चार महिने उरले होते. मी म्हटलं, बघतेच आता कशी पास होत नाही ते!

सुरुवात केली ‘गेट’पासून. इंग्रज माणूस हे क्रियापद मिठासारखं सगळीकडे टाकतो. पत्र आलं तरी गेट, दूध आणलं तरी गेट, बसमध्ये चढलं, घरी पोचलं, म्हातारं झालं, विनोद कळला, सगळ्याला गेट. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं क्रियापद, तिच्या भाषेतही तसंच. शिवाय तिच्याकडे चांगलं वाट्याला आलं तर एक शब्द आणि वाईट आलं तर दुसरा. इंग्रजीत बढतीही गेट आणि मारही गेट, हे ऐकून ती तोंडावर हात ठेवून हसली.

पुढचे आठ मंगळवार मी घाम गाळला. एकेक अर्थ, त्याची पाच-पाच वाक्यं. तिची वही तर काय सांगू! हिरव्या शाईत इंग्रजी, खाली बारीक अक्षरात तिची भाषा, कुठे खाडाखोड नाही.

“समजलं?”

“यस, टीचर.”

“नक्की?”

“यस, टीचर.”

वही द्यायची तीसुद्धा दोन्ही हातांनी, मान खाली घालून. पाठांतरावर वाढलेली मी, मला दुसरं काय हवं होतं? मी खूश.

मग एकदा खोटी परीक्षा घेतली. परीक्षक मीच. म्हटलं, “मला वाटतं, टाउन सेंटरमध्ये गाड्या बंद कराव्यात.”

“यस.”

“पण म्हाताऱ्यांनी काय करायचं? गाड्या हव्यातच.”

“यस.”

“अगं, दोन्ही कसं?”

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, दोन्ही परीक्षांत हेच झालं होतं. परीक्षक वयाने मोठे, त्यांना नाही कसं म्हणायचं? तिच्या घरी मोठं माणूस बोललं की हो म्हणायचं, म्हणजे ऐकतेय एवढं कळवायचं. आणि शिक्षकाला ‘कळलं नाही’ म्हणणं म्हणजे ‘तुम्हाला शिकवता येत नाही’ असं तोंडावर सांगणं. मी कपाळावर हात मारला. दोन महिने ती मला मान देत होती आणि मी त्याला प्रगती समजत होते.

“पुढच्या वेळेपासून माझ्याशी भांडायचं,” मी बजावलं.

“यस, टीचर,” ती म्हणाली.

आता मी हट्टालाच पेटले. मुद्दाम काहीबाही बोलायचे. रंगवलेली नखं म्हणजे शुद्ध वेडेपणा, व्हिएतनामी जेवणाला चवच नाही. ती नुसती लाल व्हायची. मग तिच्या वतीने मीच उत्तर द्यायचे आणि त्यावर मीच वाद घालायचे. परीक्षेच्या आदल्या मंगळवारी अशीच रंगात आले होते, तर तिने वही फाडकन मिटली.

“नो, टीचर. यू डोन्ट गेट इट. यू आस्क, यू आन्सर. आय गेट नो टाइम!”

पलीकडच्या टेबलावरचे आजोबा वळून बघायला लागले. खोटं कशाला सांगू, मला राग आला, चांगले कान तापले. पण तिचं खरं होतं. मी तोंड मिटलं आणि हातानेच ‘चालू दे’ म्हटलं. मग ती बोलली. अडखळत, चुकत, पण बोलली. नखांवर, जेवणावर, माझ्या रटाळ वाक्यांवरसुद्धा. पाऊण तास. मधे तीनदा माझी जीभ वळवळली, ती मी महामुश्किलीने आवरली.

परीक्षा ती पास झाली. कायमचं राहण्याचा अर्ज गेला. काही आठवड्यांनी एका दुपारी बेल वाजली, दारात ती, धापा टाकत. “अगं बाई, काय झालं? नाही म्हणाले का? आपण परत...” मी सुरू झाले. तिने हात वर करून मला थांबवलं. दम घेतला.

“आय गेट टू स्टे,” ती म्हणाली, आणि मी दार सताड उघडून तिला हाताला धरून आत घेतलं.