काकांनी घासलेला दगड

आमच्या काकांना डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. पस्तीस वर्षं फरशीला पॉलिश करण्यात गेली. पाहुणे म्हणून आले तरी चहा येईपर्यंत तुमच्या जमिनीचा कोपरा नखाने खरवडून बघणार. काम थांबलं तसे ते काकूचं डोकं खाऊ लागले, म्हणून काकूनेच त्यांना एका प्रयोगशाळेत दगड कापायच्या कामाला पिटाळलं.

तिथे पाणबुडे समुद्राखाली गेलेल्या गुहांमधून दगडी सुळके आणतात. गुहा कोरडी होती तोवर छतातून पाणी ठिबकत राहिलं आणि सुळका वाढत गेला. समुद्र आत शिरला आणि वाढ थांबली. मग समुद्री किड्यांनी त्यावर पांढरट, खरबरीत पुटं चढवली. त्या पुटांचं वय काढलं की समुद्र तिथवर कधी चढला ते कळतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी हे सगळं काकांना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. काका मान डोलवत होते, म्हणजे ऐकत नव्हते. मला हे माहीत आहे. मॅडमना बिचाऱ्यांना कसं असणार?

तिसऱ्या दिवशी मॅडम मीटिंगला गेलेल्या असताना एक पेटी आली. आत सगळ्यात खोल गुहेतला एकुलता एक सुळका. "केवढी घाण साचलीय!" म्हणत काकांनी तो तोंड दिसेल इतका घासला.

यंत्र सांभाळणाऱ्या गृहस्थांनी कपाळावर हात मारला. "अहो काका, ती घाण नव्हती, तेच तर हवं होतं! दोन वर्षं वाट बघतायत मॅडम या दगडाची." मग आवाज खाली आणून म्हणाले, "असाच आला म्हणायचं. त्यांनी कुठे बघितलाय?"

काकांची पाचावर धारण बसली. नोकरी गेलीच म्हणायची, आणि ती तर त्यांना आवडायला लागली होती. पण मॅडम दारात दिसताच ते उभे राहिले.

"मॅडम, पुटं होती. मी घासली. सगळी."

मॅडम खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "कसा घासलात? धरून दाखवा."

काकांनी सुळका डाव्या हातात घेतला आणि अंगठा बुडाशी रोवला. "असा. दगड सटकू नये म्हणून हा अंगठा शेवटपर्यंत हलवायचा नाही."

"आता उचला तो."

खाली नखाएवढं पुट शाबूत होतं.

चार महिन्यांनी त्याचं वय आलं: सात हजार आठशे वर्षं, शंभरेक मागेपुढे. अहवालात नमुन्याचं नाव होतं 'काकांचा अंगठा'. ते नाव काकांनी मला तीनदा मोठ्याने वाचायला लावलं.

त्याच आठवड्यात नवी पेटी आली. मॅडमनी ती न उघडताच काकांच्या टेबलावर ठेवली आणि त्या चहाला निघून गेल्या. त्या परत येईपर्यंत काका दोन्ही हात खिशात घालून बसून होते.