कोपऱ्यातला वजीर

वजिरावर बोट ठेवायचं, उचलायचा नाही, आणि समोरच्याकडं बघून म्हणायचं, "आता ह्यो जाईल कुठं?" काळेवाडीत आमच्या चाळीत खालच्या खोलीत आबा राहायचे, त्यांचं हे रोजचं. तुमच्याही गल्लीत असेल असा एखादा म्हातारा, एकच गोष्ट सारखी सांगणारा. आमच्या आबांची गोष्ट म्हणजे बुद्धिबळाचा एक जुना डाव.

आबा कंपनीत होते तेव्हाचा तो डाव. जेवणाच्या सुट्टीत स्पर्धा व्हायची, आणि आबांनी शेजारच्या मशीनवरच्या जोडीदाराचा वजीर कोंडून डाव जिंकला होता. रिटायर झाल्यावर त्यांनी ओट्यावर ऑइल पेंटनं पटच रंगवला. एकेक घर माझ्या पावलाएवढं, आणि सोंगट्या मात्र बारक्या, त्यामुळं राजा मैदानात हरवल्यासारखा दिसायचा. सुट्टीच्या दिवशी आबा तोच डाव मांडायचे, एकेक चाल करत शेवटाला जायचे, मोडायचे, परत मांडायचे.

पोरं चिडवायची, "आबा, किती वर्षं त्याच माणसाला हरवताय? एकदा तरी जिंकू द्या की बिचाऱ्याला."

"तेच बघतोय राव," आबा म्हणायचे. आम्हाला वाटायचं चेष्टा करतायत.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, माझी शाळा आठवीतच सुटली. मी आपली चिऊला भरवायला ओट्यावर बसायची, म्हणून कानावर पडायचं. चिऊ म्हणजे माझी पोरगी, तेव्हा नुकती चालायला लागली होती.

तेव्हा माझ्या जिवाला एक घोर लागला होता आणि तो कुणाला सांगता येत नव्हता, कारण कुणी वाईट वागतच नव्हतं. सासूबाई गावावरून आल्या, म्हणाल्या मी पोरीला बघते, तू कामाला लाग. मी चाकणला कंपनीत लागले. मग सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले, म्हणाल्या पोरीला गावाला नेते थोडे दिवस. नेलं. गावाला मोठे भाऊजी आणि जाऊबाई, त्यांना मूल नाही. चिऊ परत आली ती नवा फ्रॉक घालून, पायात चांदीचे पैंजण, आणि फोनवर जाऊबाईंना आई म्हणायला लागली. सगळे हसले. मीपण हसले. मग हे म्हणाले, तिथं अंगण आहे, घरचं दूध आहे, इथं काय आहे? मग सासूबाई म्हणाल्या, पुढं अंगणवाडीतही नाव तिथंच घालू. पोरगी देऊन टाक असं कुणीच म्हणालं नाही, आणि जाऊबाईसुद्धा फार मायेच्या, तेच तर अवघड होतं. कामावर जाताना बसमध्ये मी हेच परत परत मोजत बसायची, आधी काय झालं, मग काय.

मोठे भाऊजी जीप घेऊन यायचे होते, चिऊला न्यायला, दसऱ्यापर्यंत म्हणून. आदल्या संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते. आबांनी डाव मांडला होता. मी काय बोलतेय हे न कळताच विचारलं, "आबा, ह्या वजिराला मारलं कसं?"

"मारला कुठं, खाऊ घातलं," आबा म्हणाले. "हितं कोपऱ्यात प्यादं सोडलं, त्यानं खाल्लं. मग म्या घोडा मागं घेतला, त्याला वाटलं म्या भ्यालो. मग उंटानं ही तिरकी वाट धरली, मग हत्ती शेजारी आणला. तवर त्यो हसतच होता, पोरी. कंपनीत पेढे वाटले मला. पर त्याचं ते त्वांड अजून दिसतं."

"मग तो वाचू शकला नसता का?"

आबांनी चाली मागं घेतल्या आणि एका ठिकाणी थांबले. "हितं. उंट यायच्या आधी. ज्या वाटंनं आला ती वाट अजून मोकळी हाय बघ. पर खाल्लेलं टाकून मागं यायचं म्हणजे लाज वाटती, लोक हसत्यात. त्यानं दुसरं प्यादं खाल्लं."

मी चिऊच्या पायातल्या पैंजणांकडं बघितलं.

सकाळी जीप आली. चिऊची पिशवी ठेवली आणि मी चिऊला घेऊन आत जाऊन बसले.

"तू कुठं?" सासूबाई म्हणाल्या. "तुझी ड्युटी?"

"सुटली तर सुटली. पोरगी जाईल तिथं मी."

हे खिडकीपाशी आले, दात आवळून म्हणाले, "येडी झालीस का? दादा काय म्हणतील? विश्वास नाही का आमच्यावर?"

मी चिऊला नुसतं घट्ट धरलं. मोठे भाऊजी गाडी चालू करून बसले. ओट्यावर आबा खाली मान घालून होते. त्यांनी वजीर उचलला आणि एक घर मागं ठेवला, एवढंच मी बघितलं.

गावाला जाऊबाई माझ्याशी धड बोलल्या नाहीत, आणि मी चिऊला घेऊन निघताना मात्र माझ्याच गळ्यात पडून रडल्या. मी पैंजण काढून त्यांच्या हातात दिले. आम्ही दोघी परत आलो, तर ठेकेदारानं माझ्या जागी दुसरी बाई घेतली होती, आणि आबांच्या खोलीला कुलूप होतं. त्यांना मुलानं वाकडला नेलं, उंच बिल्डिंगीत. सोंगट्या नेल्या, ओटा काही नेता आला नाही.

आता तिथं कुणाची तरी स्कूटर लागते. उरलेल्या घरांवर चिऊ खेळते, एकेका घरात पाऊल ठेवत. काल ती अशीच पाण्याच्या टाकीपाशी पार कोपऱ्यात गेली, आणि माझ्या हातात फोन वाजायला लागला. जाऊबाईंचा. दिवाळीला पाठव म्हणतील, माहीत होतं. मी फोन वाजू दिला.

"चिऊ, मागं ये," मी म्हणाले. "गेलीस तशीच ये."

ती खाली बघत, आपली घरं शोधत, एकेक पाऊल मागं टाकायला लागली.