खिडकीतून आलेली पिशवी

खान्देशात एसटीच्या खिडकीतून आत आलेली वस्तू कोणाची, हे विचारायची रीत नाही. गाडी फलाटाला लागते न लागते तोच रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगी एखादं पोरगंसुद्धा खिडकीतून आत ढकललं जातं आणि खालचा माणूस ओरडतो, "बाबा, एक जागा धरजो!" आत बसलेल्याने ती वस्तू शेजारी ठेवायची. कोणी हलवायला आलंच तर ठणकावून सांगायचं, माझी आहे. दुसऱ्याची आहे म्हटलं की जागा गेलीच म्हणून समजा. मी शाळेत शिक्षिका. आठवडाभर पोरांना खरं बोलायला शिकवायचं आणि शनिवारी गाडीत हे बोलायचं, यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे याला खोटं म्हणतच नाहीत.

नाना म्हणजे माझे सख्खे मोठे काका. वडील मी लहान असताना गेले, आणि माझं डी.एड. झालं ते नानांच्या जिवावर. ते दोंडाईच्याला मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला होते. त्यांच्या सदऱ्याला मिरचीचा असा खकाणा असायचा, की ते दारात आले की घरात आधी शिंका सुरू व्हायच्या. अफूगांजाचा नवा कडक कायदा येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. आम्हाला तो कायदा ठाऊक असायचं कारणच नव्हतं. जळगावजवळ पिंप्राळ्याला आमच्या घरी माझ्या धाकटीचं बारसं होतं, त्यासाठी नाना दोंडाईच्याहून धुळ्याला आले आणि तिथे जळगावच्या गाडीत बसले.

पुढचं सगळं पाच-दहा मिनिटांतलं. एका माणसाने खालून पिशवी आत दिली, जागा धरायला सांगितली आणि पाणी पिऊन येतो म्हणून गेला. नानांनी पिशवी शेजारी ठेवली. तेवढ्यात भडगावकडचे एक गृहस्थ बसायला आले, त्यांच्याशी जागेवरून जुंपली. नाना म्हणाले, "पिशवी मनी शे. मना मानूस येस." पिशवी माझी, माझा माणूस येतोय, हे जागा धरायचं नेहमीचंच बोलणं. भांडण चालू असतानाच पोलीस गाडीत चढले. त्यांना आधीच काही खबर होती म्हणे. पिशवी कोणाची, असं त्यांनी विचारताच रागावलेल्या त्या गृहस्थांनी नानांकडे बोट दाखवलं. आणि आमचे नाना, भांडणाच्या त्याच भरात, पोलिसांनाही म्हणाले, "मनीच शे."

पिशवीत वर टॉवेल होता. खाली अफू. पाणी प्यायला गेलेला तो माणूस आजतागायत परत आलेला नाही.

बारशाला आलेल्या बायका जेवून गेल्या, तेव्हा मला निरोप कळला. मला वाटलं, गैरसमज आहे, उद्या सुटतील. पण या कायद्यात जामीनच मिळेना. नाना कच्च्या कैदेत राहिले आणि मी तारखेगणिक जळगाव-धुळे करू लागले. दरवेळी धुळ्याच्या स्टँडवर उतरले की पांढरी टोपी आणि लाल उपरणं शोधायचं. नानांनी त्या माणसाचं तेवढंच वर्णन सांगितलं होतं. आता पांढरी टोपी आणि उपरणं धुळ्याच्या स्टँडवर शोधायचं म्हणजे काय, ते तिथे गेलेल्यालाच कळेल. निम्मा स्टँड तसाच असतो. एकदा मी बसले होते त्या खिडकीतून एका बाईने पिशवी आत सारली. मी किंचाळले आणि ती बाहेर फेकली. त्यातली वांगी फलाटभर झाली. बाईने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि ती चूक होती असं मला अजूनही म्हणवत नाही.

वकील धुळ्याचेच, वयस्कर, सरळ बोलणारे. त्यांनी मला कायदा समजावला. एरवी गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. इथे माल तुमच्या ताब्यात सापडला, एवढं दिसलं की तो काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, असं कोर्ट धरून चालतं. ठाऊक नव्हतं, हे तुम्ही सिद्ध करायचं, तेही शंकेला जागा न ठेवता. मी भडकले. म्हटलं, "ठाऊक असल्याचा पुरावा असतो. ठाऊक नसल्याचा कुठून आणायचा?" ते म्हणाले, "बाई, कायदा मी केलेला नाही." शिक्षा कमीत कमी दहा वर्षं. त्याहून कमी करायचा अधिकार जजसाहेबांनाही नव्हता.

साक्षीला ते भडगावकडचे गृहस्थ उभे राहिले. माणूस प्रामाणिक. नाना दोनदा "मनी शे" म्हणाले, हे त्यांनी सांगितलं. आमच्या वकिलांनी विचारलं, "जागा धरायला लोक असं म्हणतात का?" "म्हणतात की. मीपण म्हणतो." कोर्टात हशा पिकला. शिपाई हसला, टंकलेखक हसला, पलीकडचे सरकारी वकीलसुद्धा हसले. माझ्या जिवात जीव आला. मधल्या सुट्टीत आमचे वकील म्हणाले, "पूर्वीसारखी ज्युरी असती तर नाना इथेच सुटले असते. चार साधी माणसं बाकावर बसायची. कायदा काय आहे तो जज त्यांना समजावून सांगायचे, आणि घडलं काय ते ती माणसं ठरवायची. आता ज्युरी नाही. जज स्वतःच स्वतःला समजावतात."

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात ज्युरी बसवली. कंडक्टर, ती पुढची बाजार घेऊन चाललेली बाई, दारात उभा असलेला दूधवाला. सगळ्यांनी नानांना सोडलं. मला फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

मग नानांचा जबाब झाला. वकिलांनी बजावलं होतं, पिशवी माझी नव्हती, जागेसाठी तसं म्हणालो, एवढंच सांगा. जजसाहेबांनी विचारलं, "पिशवी तुमची आहे असं तुम्ही म्हणालात, हे खरं का?"

"हा, म्हनं."

"मग ती तुमची होती?"

मला नानांचा स्वभाव ठाऊक होता, म्हणून मी देवाचा धावा सुरू केला. ते म्हणाले, "साहेब, त्यानी सांगं, बाबा, जागा धर. मी हा म्हनं. मंग तो ये तवलोंग ती मनीच ना?"

एकदा हो म्हटलं की दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून सांभाळायची, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. लिहून घेणाऱ्याने लिहिलं, की तो माणूस येईपर्यंत पिशवी आपल्या ताब्यात होती हे आरोपीला मान्य आहे. त्यात चूक काहीच नव्हती. वकिलांनी डोळे मिटून घेतले.

निकाल इंग्रजीत वाचला गेला. लोक जागा धरताना असं बोलत असतील, हे साहेबांनी अमान्य केलं नाही. पण आरोपीने तो दुसरा माणूस दाखवला नाही, माहीत नव्हतं हे सिद्ध केलं नाही, आणि पिशवी ताब्यात असल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दहा वर्षं सक्तमजुरी, वर दंड. साहेबांचा आवाज कडक नव्हता. मला त्यांचा राग करायचा होता, तोही धड करता आला नाही. वकील म्हणाले, हायकोर्टात अपील करू. तिथे नंबर लागायला किती वर्षं जातात, ते मी विचारलं नाही.

व्हरांड्यात शिपायाने आम्हाला जरा बोलू दिलं. शिक्षा किती, ते वकिलांनी नानांना सांगितलं होतं. नाना मला म्हणाले, "पोरी, मी खोटं बोलनू, हाई खरं शे. शिक्षा व्हवालेच जोयजे. पन एक जागानं खोटं, त्यानं इतलं ऱ्हास का?"

शिक्षा खोटं बोलल्याची नाहीच, हे मला सांगायचं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं हे तुम्ही सिद्ध करू शकला नाहीत, त्याची आहे, असं काहीतरी. पण ते मलाच पटत नव्हतं, त्यांना काय पटवणार?

"नाही नाना, एका जागेच्या खोट्याला इतकं नसतं."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग साहेबले सांग ना," ते म्हणाले. "तू शिकेल शेस."

आत साहेबांनी पुढची केस पुकारायला लावली होती.