काळ्या पडद्यावरचा प्रश्न

बबन गेल्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. सुपातली तेवढी निवडून डब्यात भरली आणि मग उठले. छातीत कळ आली म्हणून सकाळी त्याला ढोकीहून धाराशिवला नेलं होतं. तिथं पोचेपर्यंत सगळं संपलं. बबन माझा धाकटा भाऊ. मालक वारल्यावर मी ईट गावचं घर सोडलं आणि त्याच्याकडं राहायला आले, ती इथंच राहिले. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. त्याचं कौतुक कसं करायचं ते मला जमत नाही. जे पाहिलं तेवढं सांगते.

बबन लग्नांचं शूटिंग करायचा आणि त्याच्या सीड्या करून द्यायचा. आता लोक मोबाईलवरच बघतात, पण माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना मोबाईल जमत नाही, टीव्हीखालचा सीडीचा डबा जमतो. त्यांच्यासाठी त्यानं हे काम सोडलं नाही. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर चित्रंबित्रं काही नसायची. नुसता काळा पडदा, आणि त्यावर तो इंग्रजीत एकेक ओळ हुकूम लिहायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "अक्का, मोबाईलमधलं लई मोठं असतंय, तुझ्या डब्याला ते पचत न्हाय. बारीक करून भरवावं लागतंय." हुकमात आधी घ्यायच्या फाईलीचं नाव आणि शेवटी करायच्या फाईलीचं नाव. त्या नावाची फाईल आधीच असली तर कॉम्प्युटर थांबून विचारायचा, हिच्यावरच लिहू का? लगीनसराईत बबनला थांबायला सवड नसायची. म्हणून तो हुकमात एक जादा अक्षर घालायचा, म्हणजे कॉम्प्युटर काही न विचारता लिहून मोकळा व्हायचा.

त्या अक्षरानं घात केला. ईटला पुतण्याच्या लग्नात बबननंच शूटिंग केलं होतं. त्यात आमचे मालक पंगतीत वाढताना दिसायचे. हलते-बोलते मालक फक्त तेवढ्यातच होते. जुन्या टेपला बुरशी आली म्हणून बबननं ते कॉम्प्युटरात घेतलं आणि टेप फेकून दिली. मी म्हणाले, मला त्याची सीडी करून दे. त्यानं करून आणली, डब्यात घातली, आणि टीव्हीवर कुणा परक्या पोरीची हळद सुरू झाली.

"हे कुणाचं लगीन रं?"

तो धावत कॉम्प्युटरकडं गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला आणि काय झालं ते सांगितलं. आदल्या कामाचाच हुकूम त्यानं पुन्हा वापरला होता. आधीचं हळदीचं नाव तसंच राहिलं आणि मालकांच्या फाईलीचं नाव चुकून शेवटी घातलं होतं. मालकांवर हळद लिहिली गेली होती... मी ओरडले नाही. पाच महिने त्याच्याशी बोलले नाही. ताट वाढून ठेवायची आणि उठून जायची. त्याची बायको सुमन म्हणाली, "वन्सं, रडून रडून डोळं सुजलेत त्यांचं." मी म्हणाले, "सुजू दे."

मग तो एसटीनं ईटला जायला लागला. त्या लग्नाच्या सीड्या त्यानं तेव्हा घरोघर वाटल्या होत्या, आमची कधीच मोडली होती. दारोदार विचारत फिरला. बहुतेकांनी त्या ज्वारीत पाखरं भ्यायला दोरीला टांगलेल्या. उन्हानं त्यांचा चकाकता थर उडून नुसती काच उरलेली. शेवटी माझ्या जावेच्या ट्रंकेत लुगड्याखाली एक निघाली, चरे पडलेली. त्यातून चार मिनिटं वाचली. मालक बादली घेऊन वरण वाढतायत आणि म्हणतायत, "घ्या की वो पाव्हणं, लाजताय काय नव्या नवरीवानी!" मी ते बघितलं आणि म्हणाले, "जेवायला बस." तेवढंच बोलले. माफ केलं असं म्हणाले नाही, त्यानंही विचारलं नाही.

त्या दिवसापासून ते अक्षर त्यानं हुकमातून काढून टाकलं. जुनंच नाव पडलं की कॉम्प्युटर विचारायचा, आणि बबन दर वेळी मोठ्यानं "न्हाय" म्हणून बटण दाबायचा आणि नवं नाव घालायचा. स्वयंपाकघरात ऐकू यायचं. सुमन हसायची, "घरात कुणाला न्हाय म्हणायची टाप न्हाय, म्हणून त्या डबड्याला म्हणत्यात."

तेराव्यानंतर बबनच्या लेकीनं, सवितानं, त्याचं सामान आवरलं. बापाचा एकही व्हिडिओ तिला सापडला नाही. आयुष्यभर कॅमेऱ्यामागं उभा राहिलेला माणूस. मी तिला ती चार मिनिटं लावायला सांगितली. वरण वाढून झाल्यावर कुणीतरी कॅमेऱ्यामागून हाक मारतं, "दाजी, हिकडं बघा की!" मालक वळून बघतात. आजवर मी फक्त मालकांकडं बघत आले होते. हाक कुणाची आहे, ते त्या दिवशी ध्यानात आलं...

सीडी आता अडकते, म्हणून सविता नवी करायला बसली. बापानं वहीत उतरवलेला हुकूम तिनं जसाच्या तसा लिहिला. काळ्या पडद्यावर ओळ येऊन थांबली. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण ती ओळ मी ओळखते.

"आत्या, आहे त्याच्यावरच लिहू का, विचारतंय."

"न्हाय," मी म्हणाले. स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.